विश्लेषण : तीन इंच उंची अडीच महिन्यांत वाढते, मग पाय सावरायला वर्ष का लागते?

‘मटेरियलिस्ट्स’ हा हॉलिवूडपट २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात पेद्रो पास्कालने रंगवलेला न्यूयॉर्कमधील श्रीमंत, देखणा नवरदेव-उमेदवार मुळात तितका उंच नव्हता, त्याने पैसे मोजून पाय लांब करून घेतले, हे कथेच्या ओघात उघड होते. त्यानंतर ‘लिंब लेंग्दनिंग’ म्हणजे हाडे लांबवण्याच्या शस्त्रक्रियेची चर्चा समाजमाध्यमांवर वाढली. इस्तंबूलच्या रुग्णालयांच्या जाहिराती, ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे, आठवड्यागणिक वाढणारे सेंटिमीटर यांच्या चित्रफिती आपल्याकडच्या तरुणांच्या मोबाइलवरही येऊ लागल्या आहेत. या चित्रफितींत शस्त्रक्रियेचा दिवस असतो आणि वर्षभरानंतरचा उंच माणूस असतो. मधला काळ बहुधा गाळलेला असतो. पैसा, वेळ आणि धोका यांचा मोठा वाटा मात्र त्या मधल्या काळातच खर्च होतो.

शस्त्रक्रियेत नेमके काय करतात?

मुलांची उंची साधारण सोळा-अठराव्या वर्षी आणि मुलींची त्याआधी दोनेक वर्षे थांबते. हाडांच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या चकत्या बंद झाल्या की गोळ्या, पावडरी, लटकण्याचे व्यायाम यांनी हाड लांब होत नाही. (अशा पावडरींच्या जाहिराती तरीही थांबत नाहीत, हा भाग वेगळा.) मग हाड कापून लांबवणे एवढाच मार्ग उरतो.

मांडीचे किंवा नडगीचे हाड मधोमध किंवा ठरलेल्या जागी आडवे कापले जाते. कापताना हाडावरचे पातळ आवरण आणि रक्तपुरवठा शक्य तितका जपतात, कारण पुढचे सगळे काम त्यांच्याच भरवशावर चालते. कापलेले दोन तुकडे धातूच्या आधाराने जागेवर धरले जातात. हा आधार दोन प्रकारचा असतो. एक पायाबाहेरचा : हाडातून आरपार गेलेल्या तारा किंवा पिना आणि त्यांना धरणाऱ्या रिंगा. दुसरा हाडाच्या पोकळीत बसवलेला रॉड. आजच्या महागड्या रॉडमध्ये चुंबक असतो. पायावर बाहेरून एक यंत्र धरले की आतला चुंबक फिरतो आणि रॉड दुर्बिणीच्या नळीसारखा किंचित लांब होतो. असा ‘प्रिसाइस’ नावाचा रॉड अमेरिकेत २०११ पासून वापरात आला. खर्च आवरायचा असेल तर आत साधा रॉड आणि बाहेर फ्रेम असा मिश्र मार्ग घेतला जातो.

कापल्यानंतर पाच ते दहा दिवस काहीच करत नाहीत. तेवढ्यात कापलेल्या जागी कोवळा जोड तयार होऊ लागतो. त्यानंतर तो जोड पक्का होऊ न देता रोज थोडा थोडा ताणायचा. ताणलेल्या फटीत शरीर नवे हाड भरत जाते.

ही कल्पना कोणाची?

हाड ओढून लांबवण्याचे प्रयत्न इटलीतील बोलोन्या येथील शल्यचिकित्सक अलेस्सांद्रो कोदिविल्ला यांनी १९०५ मध्येच प्रसिद्ध केले होते. ती पद्धत विश्वासार्ह केली ती सोव्हिएत संघातील गाव्रिल इलिझारोव्ह यांनी. पश्चिम सायबेरियातील कुर्गान या आडबाजूच्या गावात १९५० च्या दशकात ते युद्धात जायबंदी झालेल्यांची न जुळणारी हाडे रिंगांच्या फ्रेमने दाबून जुळवत होते. एका रुग्णाने फ्रेमचे नट उलट्या दिशेने फिरवले, हाड दाबले जाण्याऐवजी फाकले आणि फटीत नवे हाड दिसले, अशी गोष्ट सांगितली जाते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये उंच उडीचे सुवर्णपदक मिळवलेल्या व्हॅलेरी ब्रुमेल याचा मोटारसायकल अपघातात चिरडलेला पाय त्यांनी बरा केला आणि त्यांचे नाव देशभर झाले. पाश्चात्त्य देशांना ही पद्धत कळायला मात्र १९८० चे दशक उजाडले.

भारतात पोलिओने आखूड राहिलेले पाय, अपघातात हाडाचा तुकडा गमावलेले पाय, जन्मजात व्यंग यांसाठी इलिझारोव्ह फ्रेम अनेक वर्षे वापरली जात आहे. महाराष्ट्रातही ही फ्रेम लावलेले रुग्ण अस्थिरोग विभागांना नवे नाहीत. तेव्हा तंत्र जुने आणि कसोटीला उतरलेले आहे. प्रश्न आहे तो दोन्ही पाय धडधाकट असलेल्या माणसावर, दोन्ही पायांवर एकाच वेळी, केवळ उंचीसाठी ते वापरण्याचा. ज्याचा एक पाय पाच सेंटिमीटर आखूड आहे त्याला या त्रासातून समतोल चाल मिळते. धडधाकट माणूस मात्र चांगली चाल पणाला लावतो.

दिवसाला एक मिलिमीटरच का?

कारण शरीराचा वेग तेवढाच आहे. मांडीच्या हाडासाठी साधारण दिवसाला एक मिलिमीटर, तोही एकदम नव्हे तर पाव-पाव मिलिमीटर असा चार वेळा. नडगीत याहून सावकाश. वेग जास्त ठेवला तर फट रुंदावते, पण हाड भरत नाही. कमी ठेवला तर हाड वेळेआधीच जुळून जाते आणि पुन्हा कापावे लागते. म्हणून दर एक-दोन आठवड्यांनी एक्स-रे काढून वेग कमीजास्त करावा लागतो, कधी काही दिवस थांबवावा लागतो.

तीन इंच म्हणजे साडेसात सेंटिमीटर. दिवसाला एक मिलिमीटर या हिशेबाने ७५ दिवस. जाहिरातीतले अडीच महिने ते हेच. पण या ७५ दिवसांच्या अखेरीस फटीत जे असते ते हाडाचे कोवळे रूप असते. त्यावर उभे राहिले तर ते वाकते. ते घट्ट व्हायला लांबवण्याच्या काळाच्या दुप्पट किंवा अधिक वेळ लागतो. अस्थिरोगतज्ज्ञांचा ढोबळ हिशेब असा, की हाड कापल्यापासून ते पक्के होईपर्यंत दर सेंटिमीटरमागे एक ते दीड महिना. साडेसात सेंटिमीटरला तो साडेसात ते अकरा महिन्यांवर जातो. धूम्रपान करणाऱ्यांत किंवा ‘ड’ जीवनसत्त्व कमी असलेल्यांत तो आणखी लांबू शकतो.

हाड वाढते, पण स्नायू आणि नसांचे काय?

खरी गोम येथे आहे. फटीत नवे हाड तयार होते तसा नवा स्नायू तयार होत नाही. मांडीचे, पोटरीचे स्नायू, त्यांच्या शिरा, त्यांतून जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या आहेत त्याच ताणल्या जातात. काही प्रमाणात त्या वाढतात, जुळवून घेतात, पण हाडापेक्षा सावकाश. त्यामुळे ‘किती इंच?’ या प्रश्नाचे उत्तर रॉडच्या लांबीवर ठरत नाही, ते पोटरी किती सोसते यावर ठरते. मांडीत साधारण आठ आणि नडगीत पाच-सहा सेंटिमीटरच्या पुढे बहुतेक शल्यचिकित्सक एका वेळी जात नाहीत, ते यामुळेच.

नडगी लांबवली की पोटरीचा स्नायू आखडतो आणि टाच वर उचलली जाऊ लागते. रुग्ण चवड्यांवर उभा राहतो, टाच जमिनीला टेकत नाही. वेळीच ताण देऊन ती खाली आणली नाही तर टाचेमागची शीर लांबवण्याची वेगळी शस्त्रक्रिया करावी लागते. मांडी लांबवली की पुढचे स्नायू आखडून गुडघा पुरता वाकत नाही, मागचे आखडून तो पुरता सरळ होत नाही. खुब्याचे स्नायू आखडले की कंबर पुढे झुकते, नितंब मागे येतात आणि माणूस बदकासारखा डुलत चालू लागतो. आपल्याकडे मांडी घालून जेवायला बसणे, उकिडवे बसणे, भारतीय पद्धतीचे शौचालय वापरणे हे सारे गुडघा पूर्ण वाकण्यावर अवलंबून आहे. परदेशी रुग्णांच्या अनुभवकथनात या गोष्टी येत नाहीत, कारण त्यांच्या दिनक्रमात त्या नाहीत.

नसांचे दुखणे वेगळ्या जातीचे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने पायाच्या पंजाकडे जाणारी नस ताणली गेली तर आधी मुंग्या, मग बधिरपणा आणि शेवटी पाऊल वर उचलताच न येणे अशी वाट असते. पहिल्या खुणेलाच लांबवणे थांबवले तर नस बहुधा सावरते. ‘अजून चार मिलिमीटरच राहिलेत’ म्हणून रुग्णाने ही खूण लपवली तर ती सावरेलच असे नाही. रात्री जळजळ, विजेचा झटका बसल्यासारखी कळ, झोप न लागणे या तक्रारी लांबवण्याच्या दुसऱ्या महिन्यात सर्रास ऐकू येतात. त्यासाठी नसांच्या दुखण्यावरची वेगळी औषधे द्यावी लागतात. नेहमीची काही वेदनाशामके नवे हाड तयार होण्यात अडथळा आणू शकतात, म्हणून अनेक शल्यचिकित्सक ती टाळतात. घरच्या डब्यातली गोळी परस्पर घेणे येथे चालत नाही.

या सगळ्यावर उपाय एकच : फिजिओथेरपी. तीही आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जाऊन केलेली पुरत नाही. टाच, गुडघा, खुबा यांना दिवसातून अनेक वेळा, मिळून काही तास ताण द्यायचा, रात्री पाय सरळ धरणारी पट्टी बांधून झोपायचे, आणि हे दुखत असतानाच करायचे. रोज सकाळी हाड पुन्हा थोडे लांबलेले असते, म्हणजे काल मिळवलेली लवचीकता आज कमी पडते. लांबवणे संपेपर्यंत ही शर्यत संपत नाही. संपल्यावर मग गमावलेली ताकद मिळवण्याचे काम सुरू होते.

पायावर भार कधी देता येतो?

शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांत वॉकर धरून उभे करतात, याची चित्रफीतही असते. त्यावरून माणूस ‘चालू लागला’ असा समज होतो. चुंबकीय रॉड नाजूक असतात. त्यांच्या जाडीनुसार एका पायावर साधारण २० ते ३५ किलोपर्यंतच भार देण्याची मुभा असते. ६५ किलोचा माणूस दोन्ही पायांवर स्थिर उभा असेल तेव्हा प्रत्येक पायावर निम्मे वजन येते. पाऊल उचलले की सगळे वजन दुसऱ्या पायावर. एकच पाय लांबवलेल्या रुग्णाला दुसरा भक्कम पाय असतो. उंचीसाठी दोन्ही पाय कापून घेतलेल्याला तो नसतो. म्हणून लांबवण्याचे अडीच-तीन महिने आणि त्यानंतरचे काही आठवडे चाकाची खुर्ची आणि वॉकर यांतच जातात. एक्स-रेमध्ये हाडाच्या चारपैकी तीन बाजू भरलेल्या दिसल्या की पूर्ण भार देण्याची परवानगी मिळते. मग कुबड्या सुटतात, चाल सुधारते. धावणे, उड्या, मैदानी खेळ यांना वर्ष लागू शकते, आणि पूर्वीचा वेग परत येईलच याची हमी नसते.

जड रॉड काढला तर भार देता येईल, हा विचार झालाच होता. ‘प्रिसाइस’च्याच उत्पादक नुव्हेजिव्ह कंपनीने २०१८ मध्ये ‘स्ट्राइड’ नावाचा पोलादी रॉड आणला. त्यावर लवकर उभे राहता येत असे आणि उंचीसाठी येणाऱ्यांत तो पटकन लोकप्रिय झाला. युरोपातील शल्यचिकित्सकांना रॉडच्या जोडाजवळ गंज आणि भोवतालच्या हाडात बदल आढळले, काही रुग्णांना वेदना होत होत्या. २०२१ च्या सुरुवातीला कंपनीने तो जगभरातून मागे घेतला. ज्यांच्या पायांत तो बसवला होता त्यांना तो काढून घेण्याचे वेळापत्रक डॉक्टरांशी बोलून ठरवावे लागले. लवकर बरे होण्याच्या आश्वासनाची ही किंमत होती.

‘गुंतागुंतीचे प्रमाण कमी’ या दाव्याचा अर्थ काय?

या क्षेत्रातील अमेरिकास्थित शल्यचिकित्सक द्रोर पेली यांनी १९९० मध्ये एक वर्गीकरण मांडले, ते आजही वापरात आहे. शस्त्रक्रियेविना सुटते ती अडचण. सोडवायला पुन्हा शस्त्रक्रिया लागते, पण उपचार संपेपर्यंत सुटतो तो अडथळा. आणि उपचार संपल्यावरही उरते ती खरी गुंतागुंत. वर्गीकरण शास्त्रीयदृष्ट्या योग्यच आहे. पण त्याचा एक परिणाम असा, की पिनांच्या जागी झालेला संसर्ग, आखडलेली टाच सोडवण्यासाठी पुन्हा दिलेली भूल, वेळेआधी जुळलेले हाड पुन्हा कापणे यांपैकी काहीही ‘खऱ्या गुंतागुंती’त धरले जाईलच असे नाही. रुग्णाच्या लेखी मात्र ती तिसऱ्या महिन्यातली दुसरी शस्त्रक्रिया असते. रुग्णालयाने टक्केवारी सांगितली तर ती कशाची, हे विचारलेच पाहिजे.

क्वचित होणारे पण जिवावर बेतणारे धोकेही आहेत. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे, किंवा दोन्ही मांड्यांत रॉडसाठी पोकळी कोरताना मज्जेतील चरबी रक्तात मिसळणे हे त्यांतले दोन. दोन्ही मांड्यांची हाडे एकाच दिवशी करावीत की काही आठवड्यांच्या अंतराने, याचा विचार यासाठीच होतो.

हेही खरे, की ही शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांपैकी बहुसंख्य लोक समाधानी असल्याचे नोंदवणारे अभ्यास आहेत. अनेकांची चाल पूर्ववत होते, आत्मविश्वास वाढल्याचे ते सांगतात, आणि ते खोटे म्हणण्याचे कारण नाही. अशा बहुतेक अभ्यासांत रुग्णसंख्या लहान असते आणि ते ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्याच केंद्रातून आलेले असतात, एवढे लक्षात ठेवून ते वाचावेत. शिवाय काही जणांची अस्वस्थता उंचीची नसतेच. स्वतःच्या शरीरातले एखादे न्यून सतत टोचत राहण्याचा मानसिक विकार असेल तर तीन इंच मिळाल्यावर मन पुढच्या न्यूनाकडे वळते. त्यामुळे जबाबदार केंद्रे शस्त्रक्रियेआधी मानसोपचारतज्ज्ञांची भेट सक्तीची करतात. पहिल्याच फोनवर तारीख देणारी केंद्रे कोणत्या प्रकारची, हे वेगळे सांगायला नको.

भारतात काय स्थिती आहे?

चीनने २००६ मध्ये केवळ सौंदर्यासाठी हाडे लांबवण्यावर बंदी घातली. वैद्यकीय कारण असेल तरच ती करता येते. भारतात अशी बंदी नाही. २०१६ मध्ये हैदराबादेतील एका तरुण सॉफ्टवेअर अभियंत्याने घरी काहीही न सांगता ही शस्त्रक्रिया करून घेतली. त्याची उंची आधीच साडेपाच फुटांहून अधिक होती. शोध घेत आई-वडील रुग्णालयात पोहोचले तेव्हा दोन्ही पाय कापून झाले होते. त्यांनी तेथे निदर्शने केली, प्रकरण राज्य वैद्यकीय परिषदेपर्यंत गेले. मुलगा सज्ञान होता, संमती त्याचीच होती, मग पालकांना का सांगावे, असा युक्तिवाद तेव्हा झाला. कायद्याच्या दृष्टीने तो बिनतोड आहे. व्यवहारात मात्र पुढचे सहा महिने त्या मुलाला उचलून खुर्चीत बसवणारे, रात्री पाण्याचा ग्लास हातात देणारे हात घरचेच असतात.

संमतीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा समिरा कोहली खटल्यातील निकाल महत्त्वाचा आहे. उपचाराचे स्वरूप, धोके, पर्याय आणि उपचार न केल्यास काय होईल याची पुरेशी माहिती दिल्यानंतरचीच संमती खरी, असे त्यात म्हटले आहे. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेत ‘न केल्यास काय होईल’ याचे उत्तर ‘काहीही नाही’ असे असते, आणि ते संमतिपत्रावर लिहिलेले असायला हवे. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे १९९५ पासून स्पष्ट आहे. परदेशातील रुग्णालयाविरुद्ध दाद मागणे मात्र फार कठीण.

आरोग्य विम्याकडूनही आशा नको. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया विमा नियामकाच्या प्रमाणित अपवादांच्या यादीत आहे. अमेरिकेत या शस्त्रक्रियेचा खर्च साधारण ७० हजार डॉलरपासून पुढे सांगितला जातो. भारतात आणि तुर्कस्तानात तो कमी पडतो, पण सांगितलेल्या रकमेत फिजिओथेरपीचे महिने, वाढलेली शस्त्रक्रिया, बुडालेला पगार आणि रॉड काढण्याचा खर्च बहुधा धरलेला नसतो. परदेशात शस्त्रक्रिया करून काही आठवड्यांत मायदेशी परतणाऱ्यांची अडचण वेगळी. लांबवणे अर्धवट असते, एक्स-रे इथे काढायचे आणि निर्णय तिथल्या डॉक्टरांनी फोनवर द्यायचा. काही बिघडले तर दुसऱ्याने सुरू केलेले काम हाती घ्यायला स्थानिक शल्यचिकित्सक राजी नसतात.

पोलीस भरतीसाठी उपयोग होतो का?

हा प्रश्न आपल्याकडे विचारला जातो, कारण महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुषांसाठी किमान उंची १६५ सेंटिमीटर आहे आणि दोन सेंटिमीटरने बाद होणारे उमेदवार दर भरतीत असतात. पण भरतीत उंचीसोबत धावण्याचीही परीक्षा असते. वयोमर्यादा उलटत असताना वर्षभर धावण्यापासून दूर राहणे हा सौदा महागात पडतो. शिवाय वैद्यकीय तपासणीत पायावरचे व्रण आणि हाडातली सळई लपत नाही.

करायचेच ठरवले तर काय विचारावे?

हा रॉड यापूर्वी किती जणांच्या दोन्ही पायांत बसवला, त्यांतल्या किती जणांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, मुंग्या आल्या तर रात्री कोणाला फोन करायचा, नस दुखावली तर ठरलेल्या लांबीच्या आधी थांबायचे ठरले तर पैसे परत मिळतात का. शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा, कारण सेंटिमीटरवर दर आकारणाऱ्या ठिकाणी थांबण्याचा निर्णय कोणाच्याच फायद्याचा नसतो. आणि स्वतःला विचारायचा प्रश्न : घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, कमोड नाही, आई-वडील साठीचे, मग चाकाची खुर्ची कोण ढकलणार?

हाड पूर्ण भरल्यावर, म्हणजे साधारण वर्ष-दोन वर्षांनी, रॉड काढावा लागतो. ती दुसरी शस्त्रक्रिया, पुन्हा भूल, पुन्हा टाके. रॉड निघाल्यावर रिकाम्या झालेल्या हाडाला सावरायला काही आठवडे द्यावे लागतात. तेवढे दिवस पुन्हा कुबड्या.